सी व्ह्यूमधली मागची खोली

ऑपरेशननंतर शुद्धीवर आल्यावर नेलीनं पहिल्यांदा चहा मागितला. समुद्र मागितला तो सहा आठवड्यांनी, घरी आल्यावर, आणि तोही फक्त माझ्यापाशी.

नेली माझी थोरली बहीण. तिचा नवरा विल्फ्रेड अ‍ॅक्रॉइड, कीथली गावच्या लोकरीच्या गिरणीत मुकादम. नाकासमोर चालणारा माणूस. रस्त्यात खांबाला धक्का लागला तरी 'माफ करा' म्हणतो. मी हिल्डा सग्डन. लग्न केलं नाही, त्याच गिरणीच्या ऑफिसात पत्रं टाइप करते, आणि जे वाटतं ते तोंडावर बोलते. घरात एकानं तरी बोलायला हवं ना.

जानेवारीतली दुपार होती. बाहेर चिखल झालेलं बर्फ, आत शेगडी. नेली शाल गुंडाळून बसली होती.

"हिल्डा," ती म्हणाली, "हॉस्पिटलात माझ्या खाटेसमोर भिंत होती. हिरवट. तिच्यावर एक पोपडा आला होता. सहा आठवडे मी त्याच्याकडे बघत होते. शेवटी शेवटी मी त्याला नाव ठेवलं, माहितीये?"

"काय ठेवलंस?"

"जॉर्ज. आणि तेव्हाच ठरवलं. यंदा जत्रेच्या आठवड्यात सकाळी डोळे उघडले की मला समोर समुद्र दिसला पाहिजे. उठून, टोपी घालून, विल्फ्रेडला बूट सापडेपर्यंत दारात उभं राहून, मग चालत जाऊन बघायचा तसा नाही. पडल्यापडल्या."

आणि ती रडायला लागली. आमची नेली रडत नाही. बाबांच्या अंत्ययात्रेलासुद्धा ती सँडविचेस पुरतील का एवढंच बघत होती.

"मग माग की," मी म्हटलं. "त्यात रडायचं काय?"

तिनं डोळे पुसले. "असं कसं मागायचं? मिसेस मॅगसनना काय वाटेल?"

आमच्याकडे उन्हाळ्यात एक आठवडा सगळ्या गिरण्या एकदम बंद होतात. त्याला जत्रेचा आठवडा म्हणतात. जत्रा आजोबांच्या काळातच बंद पडली, आठवडा तेवढा उरला. त्या शनिवारी अख्खं गाव पेट्या घेऊन स्टेशनावर उभं राहतं, समुद्राकाठी उतरतं, आणि वर्षभर ज्या शेजाऱ्यांना वैतागलेलं असतं त्यांच्याच शेजारी वाळूत खुर्च्या टाकून बसतं. नेली आणि विल्फ्रेड सव्वीस वर्षं ब्रिडलिंग्टनला, भाड्यानं खोल्या देणाऱ्या मिसेस मॅगसन यांच्या 'सी व्ह्यू' या घरात उतरत आले आहेत. पहिल्या वर्षी ते नवविवाहित होते. तीन वर्षांनी मीही त्यांच्याबरोबर जायला लागले. मला माळ्यावरची खोली असते, पाण्याच्या टाकीला लागून. घरात कुणीही तोंड धुतलं तरी मला कळतं.

'सी व्ह्यू' म्हणजे नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. समुद्र दिसतो तो एकट्या एक नंबरच्या खोलीतून, पहिल्या मजल्यावर, पुढच्या बाजूला. नेली-विल्फ्रेडची खोली चार नंबरची, मागची. तिची खिडकी मासेवाल्याच्या अंगणात उघडते. रिकामी खोकी, गळका पाइप आणि एक मांजर. नेलीनं त्या मांजराच्या तीन पिढ्या पाहिल्या आहेत. भिंतीवर एका मिशाळ माणसाचा फोटो आहे. आम्ही समजत होतो राजघराण्यातलं कुणीतरी असेल. त्याचे डोळे असे की विल्फ्रेड रोज झोपण्यापूर्वी फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवतो आणि सकाळी पुन्हा सरळ करतो.

ही खोली गळ्यात पडली ती विल्फ्रेडमुळे. पहिल्या वर्षी निघताना दारात तो म्हणाला, "मिसेस मॅगसन, इतकी छान झोप आम्हाला आयुष्यात लागली नव्हती." निघताना असं म्हणायचं असतं, सगळेच म्हणतात. पण मिसेस मॅगसननी ते मनावर घेतलं. तेव्हापासून दर वर्षी निघायच्या सकाळी त्या वही उघडतात, पेन हातात घेतात आणि विचारतात, "पुढच्या वर्षी तुमची तीच खोली ना?" आणि हे दोघं एका सुरात म्हणतात, "हो हो, तीच."

एक नंबरच्या खोलीत पूर्वी हल शहरातले एक निवृत्त मास्तर येत. मागच्या जत्रेच्या आठवड्यानंतर ते वारले. नाताळच्या कार्डात मिसेस मॅगसननी लिहिलं होतं की जत्रेच्या आठवड्यासाठी ती खोली अजून कुणाला दिलेली नाही. म्हणजे रस्ता मोकळा होता. एक पत्र टाकायचं, बस.

ते पत्र आम्ही पुढच्या रविवारी लिहायला बसलो. जेवणं झाली होती, टेबल पुसलेलं होतं. विल्फ्रेडनं चष्मा घातला होता, जणू वाचायचं त्यालाच होतं. मी म्हटलं, लिहिणं हा माझा धंदा आहे, मध्ये बोलू नका. आणि लिहिलं: 'प्रिय मिसेस मॅगसन, यंदा आम्हाला चार नंबरऐवजी एक नंबरची खोली हवी आहे.'

विल्फ्रेडच्या हातातला कप बशीवर आपटला. "हवी आहे? अगं, हे पत्र आहे की कोर्टाची नोटीस?"

"मग काय लिहू?"

"जमल्यास मिळाली तर."

"जमल्यास मिळाली तर बरं होईल," नेलीनं भर घातली.

"'बरं होईल' नको," विल्फ्रेड म्हणाला. "त्याचा अर्थ आत्ता बरं नाही असा होतो. त्यांना लागेल ते."

"अरे, पण आत्ता बरं नाहीच आहे!" मी म्हटलं.

"ते आपल्याला माहीत आहे. त्यांना कशाला?"

मग नेलीला वाटलं, सुरुवातीला चार नंबरबद्दल चार चांगले शब्द टाकावेत, एकदम अंगावर गेल्यासारखं नको. काय चांगलं आहे तिथे, मी विचारलं. बराच वेळ दोघं छताकडे बघत बसली.

"शांतता आहे," विल्फ्रेड म्हणाला.

"मासेवाला पहाटे पाचला खोकी आपटतो."

"ते नको लिहूस."

मी शांतता लिहिली. मग उबदारपणा लिहिला. मग नेली म्हणाली, आपल्याला एक नंबरचा हव्यास सुटलाय असं दिसायला नको, दुसऱ्या कुणाला ती हवी असली तर आपली काही हरकत नाही असंही घाल. मग विल्फ्रेड म्हणाला की 'समुद्र' हा शब्दच काढून टाक, तो फार ठळक दिसतो. पण नेलीनं तेवढं ऐकलं नाही. समुद्र राहिला, फक्त शेवटच्या ओळीत गेला.

चौथ्या कागदावर जे उरलं ते असं: 'चार नंबरच्या खोलीतली शांतता आणि ऊब आम्ही वर्षभर आठवत असतो. नेलीच्या आजारपणात तर ती फारच आठवली. एक नंबरची खोली अजून रिकामी आहे असं समजलं. ती जर कुणाला द्यायची असेल तर आमचा मुळीच विचार करू नये. आम्हाला तुमच्याकडे कुठेही आनंदच असतो. समुद्राची आठवण येते.'

विल्फ्रेडनं ते मोठ्यानं वाचलं आणि समाधानानं चष्मा काढला. "आता कसं! सगळं आलं यात, आणि कुणाला लागेल असं काहीच नाही."

ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हणतात. आम्ही भांडं इतकं लपवलं होतं की आम्हालाच सापडलं नसतं. आणि मी, तोंडावर बोलणारी बाई, काय केलं? पाकिटाला तिकीट लावलं. नेली इतक्या आशेनं बघत होती की मलाही क्षणभर वाटलं, कळेल त्यांना.

आठ दिवसांनी उत्तर आलं. नेलीनं ते माझ्या हातात दिलं आणि किटली ठेवायला गेली, म्हणजे मला समजलंच. मिसेस मॅगसननी लिहिलं होतं की पत्र वाचून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आजारपणातही आपली खोली कुणाला आठवावी याहून मोठं ते काय. म्हणून त्यांनी चार नंबरला नवी गादी घातली आहे, आणि नेलीला समुद्राची आठवण येते म्हणून भिंतींना जहाजांची चित्रं असलेला कागद लावला आहे. एक नंबरची खोली लीड्सचं एक जोडपं मागत होतं. आता आमची काही हरकत नसल्याचं कळल्यामुळे महिनाअखेरीस त्या ती त्यांना देऊन टाकतील.

"जहाजं," नेली म्हणाली. किटली रिकामीच शेगडीवर ठेवली होती तिनं. "कागदावरची."

मला इतका राग आला की काय सांगू. मिसेस मॅगसनचा नाही, आमचाच. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता दुसरं पत्र लिहिते. तर दोघं एकदम ओरडली, "नाही!" ज्या बाईनं आपल्यासाठी भिंती सजवल्या, तिला कसं सांगणार की भिंती नकोत?

फेब्रुवारीत नेलीनं वर्तमानपत्रातून एक जाहिरात कापून आणली. व्हिट्बी, त्याच किनाऱ्यावरचं दुसरं गाव. 'प्रत्येक खोलीतून समुद्र.' तिनं ती विल्फ्रेडच्या ताटाशेजारी ठेवली. विल्फ्रेडनं ती दोनदा वाचली.

"आणि मिसेस मॅगसनना काय सांगायचं? सव्वीस वर्षांनंतर? मरणाशिवाय दुसरं कारण चालणार नाही."

"मग मर," नेली म्हणाली.

शेवटी मरण टळलं आणि पाठदुखीवर भागलं. विल्फ्रेडची पाठ धरली आहे, डॉक्टरांनी यंदा गाडीचा प्रवास मना केला आहे, फार वाईट वाटतं, असं मी लिहिलं. हे पत्र मात्र एका दमात झालं. खोटं लिहिताना भीड आड येत नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

नेली हसायला लागली, घरात गुणगुणायला लागली. व्हिट्बीला पत्र टाकायचं एवढंच राहिलं होतं. आणि त्या शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास विल्फ्रेड शिडीवर चढून छपराची पन्हळ साफ करत असताना त्याला गल्लीच्या टोकाला एक टोपी दिसली.

मी अंगणात शिडी धरून उभी होते. "हिल्डा," तो वरून पुटपुटला, "मिसेस मॅगसन!"

"कुठे?"

"येताहेत! टोपली आहे हातात!"

ज्या माणसाची पाठ धरली होती तो एका उडीत खाली आला, जिना दोन-दोन पायऱ्या चढून गेला आणि पांघरुणात शिरला. बुटांसकट. मी दार उघडेपर्यंत वरून कण्हण्याचा आवाज सुरू झाला होता, तोही जरा लवकरच.

मिसेस मॅगसनना आम्ही एप्रनशिवाय कधी पाहिलंच नव्हतं. कोटात त्या लहान दिसत होत्या. दोन गाड्या बदलून आल्या होत्या. टोपलीत धुरी दिलेले मासे, मलमाची बाटली आणि भिंतीच्या कागदाचा एक तुकडा, जहाजांचा, नेलीला दाखवायला.

"सव्वीस वर्षांत एकदाही न चुकलेली माणसं तुम्ही," त्या म्हणाल्या. "मला राहवेना. कुठे आहेत ते?"

आम्ही त्यांना वर नेलं. विल्फ्रेड हनुवटीपर्यंत पांघरूण ओढून पडला होता. केसांत कुजकं पान आणि गालांवर पन्हळीतला चिखल.

"अरे देवा," मिसेस मॅगसन हळूच मला म्हणाल्या, "तोंड अगदी मातीच्या रंगाचं झालंय हो!"

"हो ना," मी म्हटलं. "सकाळपासून."

नेली लाजेनं लालबुंद झाली होती. आम्ही खाली येऊन स्वयंपाकघरात बसलो. नेली चहा ओतत होती. मिसेस मॅगसननी मलमाची बाटली टेबलावर ठेवली. "हे रात्री चोळा, सकाळी माणूस उभा राहतो. माझा स्वतःचा अनुभव आहे. जत्रेचा आठवडा संपला की मला पंधरा दिवस हेच लागतं. खुर्चीत झोपून झोपून पाठीची अगदी..."

आणि त्या थांबल्या. कप तोंडाजवळच राहिला.

"खुर्चीत?" मी विचारलं. "कोण झोपतं खुर्चीत?"

"कुणी नाही. साखर मिळेल का?"

त्या साखर घेत नाहीत. तेवीस वर्षं मी बघते आहे. आणि तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडायला लागला. चार नंबरच्या कपाटात नेहमी एक केसांची जाळी सापडायची. पलंगाखाली गरम पाण्याची पिशवी असायची. नेली म्हणायची, बघ, किती काळजी घेतात.

"मिसेस मॅगसन," मी म्हटलं, "चार नंबरची खोली कुणाची आहे?"

"तुमची."

"ती आमची एक आठवडा. बाकीचे एक्कावन्न आठवडे?"

त्यांनी कप खाली ठेवला, बशीवर नीट मधोमध. "माझी," त्या म्हणाल्या.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पहिल्या वर्षी जत्रेच्या गर्दीत त्यांनी चुकून एकच खोली दोन कुटुंबांना दिली होती. दारात नवं लग्न झालेलं जोडपं उभं, पेट्या हातात. म्हणून स्वतःची खोली रिकामी करून दिली आणि आठवडाभर स्वयंपाकघरातल्या खुर्चीत झोपल्या. आणि निघताना विल्फ्रेड म्हणाला, इतकी छान झोप आयुष्यात लागली नव्हती. "मग पुढच्या वर्षी दुसरी खोली कशी देणार होते मी? इतकी आवडलेली खोली काढून घ्यायची म्हणजे..."

"आणि तो मिशीवाला?" नेलीनं खोल गेलेल्या आवाजात विचारलं. "भिंतीवरचा?"

"मिस्टर मॅगसन."

वर काहीतरी धडकन आपटलं. विल्फ्रेड जमिनीला कान लावून ऐकत होता तो उठला होता. धाडधाड जिना उतरून तो दारात येऊन उभा राहिला. सव्वीस वर्षं आपण दर रात्री कुणाला भिंतीकडे तोंड करून उभं करत होतो, ते त्याला आत्ता कळलं होतं. तोंड खरंच मातीच्या रंगाचं झालं होतं.

मिसेस मॅगसननी त्याच्याकडे पाहिलं. मग त्याच्या बुटांकडे पाहिलं. "बरं वाटतंय वाटतं आता," त्या म्हणाल्या.

"थोडं," विल्फ्रेड म्हणाला आणि बसला.

पाठीचा विषय तिथेच संपला. आजपर्यंत पुन्हा कुणी काढलेला नाही.

मला वाटलं, चला, आता तरी गाडी रुळावर येईल. पण नाही.

"यंदा तुम्ही तुमच्या खोलीतच झोपायचं," विल्फ्रेड म्हणाला. "आम्ही कुठेही राहू."

"कुठेही कसे? तुम्हाला ती खोली आवडते."

"आवडते, पण..."

"मग झालं तर. आणि नवी गादी तुमच्यासाठीच घातली आहे."

"गादी फार छान असेल, पण तुमची पाठ..."

"खुर्चीची मला सवय आहे हो. उलट बरं पडतं, पहाटे चूल जवळ असते."

"अर्थात, तुम्हाला तसं बरं पडत असेल तर..."

मी बघत होते. आणखी दोन मिनिटं गेली असती तर मिसेस मॅगसन पुन्हा खुर्चीत, हे दोघं पुन्हा मासेवाल्याच्या अंगणात, आणि वर सगळे एकमेकांचे आभारी. मी तोंड उघडणारच होते, तेवढ्यात नेलीनं चहाची किटली टेबलावर आपटली. झाकण उडून माशांच्या टोपलीत पडलं.

"मला समुद्र बघायचाय!"

विल्फ्रेड खुर्चीतून अर्धा उठला.

"मला चार नंबर नको," नेली म्हणाली. तिचा आवाज थरथरत होता, पण थांबत नव्हता. "नवी गादी नको, ते मांजर नको, आणि रागावू नका, पण मिस्टर मॅगसनही नकोत. सहा आठवडे मी भिंत बघितली. मला वाटलं होतं, मी भिंत बघत बघतच मरणार. मला एक नंबरची खोली हवीये. हवी म्हणजे हवी. सकाळी डोळे उघडल्यावर मला पाणी दिसायला हवंय."

आणि ती मटकन खाली बसली. विल्फ्रेडनं तिचा हात धरला. त्याला भिंतीचं काहीच ठाऊक नव्हतं. पोपडासुद्धा नाही.

"तू मला का नाही सांगितलंस?" तो म्हणाला.

"तू काळजी केली असतीस."

मिसेस मॅगसननी टोपलीतून झाकण काढून पुसलं. मग म्हणाल्या, "सव्वीस वर्षांत एकदा तरी म्हणायचं होतंत."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत."

"असं विचारायचं असतं का? तुम्हाला वाटलं असतं, मी हाकलतेय."

"आणि तुम्ही खुर्चीत झोपता हे?"

"ते सांगायचं असतं का? तुम्हाला वाईट वाटलं असतं."

भीड भिकेची बहीण असं म्हणतात. आमच्याकडे ती घरोघरची सख्खी बहीण आहे, तिला पाहुणी म्हणून बोलवावंही लागत नाही. पण त्या दिवशी मिसेस मॅगसननी पर्समधून वही काढली. कुठेही गेल्या तरी ती बरोबर असते. आणि एक नंबरसमोर 'अ‍ॅक्रॉइड' असं लिहिलं. लीड्सच्या जोडप्याला त्या काय म्हणाल्या मला माहीत नाही. बहुधा कुणाची तरी पाठ धरली असेल.

जत्रेच्या शनिवारी आम्ही 'सी व्ह्यू'त पोचलो. नेली पेटी न उघडता, टोपीसकट, सरळ एक नंबरच्या खिडकीपाशी गेली. आणि बाहेर काहीच नव्हतं. समुद्रावरून धुकं चढून आलं होतं. समोरचा दिवा दिसत नव्हता, मग समुद्राची काय कथा.

"उद्या जाईल," विल्फ्रेड म्हणाला.

रविवारी गेलं नाही. सोमवारी, मंगळवारीही नाही. धक्क्यावरचा, होड्यांना सावध करणारा भोंगा दिवसभर म्हशीसारखा ओरडत होता. मिसेस मॅगसन रोज नाश्त्याला धुक्याबद्दल माफी मागत होत्या, जणू त्यांनीच ते मागवलं होतं. नेली रोज पहाटे जागी व्हायची, डोळे उघडायची आणि पांढरं बघायची. बुधवारी विल्फ्रेड बोलून गेला, "भिंतच दिसते की गं ही," आणि मग आपण काय बोललो ते कळून बिचारा दिवसभर तिच्यासाठी आइस्क्रीम आणत राहिला. त्या थंडीत तिनं तीन खाल्ली.

शुक्रवारी संध्याकाळी पेट्या भरताना ती मला म्हणाली, "हिल्डा, मी कुणाला काही म्हणणार नाही. एवढं सगळं केलं त्यांनी. पण मला फार, फार वाईट वाटतंय."

मी तिच्या ब्लाउजच्या घड्या घालत राहिले.

शनिवारी उजाडताना माझ्या दारावर थाप पडली. नेली झोपायच्या कपड्यांत, अनवाणी. "चल," एवढंच म्हणाली. जिना उतरताना ती चार नंबरपाशी थांबली आणि तिथेही थाप मारली. मिसेस मॅगसन केसांना जाळी बांधलेल्या, घाबरलेल्या, दारात आल्या.

"काय झालं? नळ फुटला?"

"या," म्हणून नेलीनं त्यांचा हात धरला.

एक नंबरचे पडदे उघडे होते. धुक्याचा मागमूस नव्हता. खिडकीभर पाणी होतं, अगदी वरच्या चौकटीपर्यंत, आणि त्यावर सूर्य नुकताच आला होता. मासेमारीच्या तीन होड्या बाहेर निघाल्या होत्या. विल्फ्रेड पलंगावर होता. घरमालकीण आत आलेली बघून त्यानं चादर नाकापर्यंत ओढली.

मिसेस मॅगसन उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. "तीस वर्षं मी रोज इथे चहा आणून ठेवते," त्या म्हणाल्या. "पडदे उघडते आणि पळते. खाली टोस्ट जळत असतो."

"म्हणजे तुम्ही कधी...?"

"ही खोली नेहमी कुणाला तरी दिलेली असते ना."

"मग उभ्यानं नाही बघायचं," नेली म्हणाली. "पडल्यापडल्या बघायचं असतं. विल्फ्रेड, ऊठ."

"अगं, पण मी..."

"ऊठ!"

तो उठला, आणि पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यात कोपऱ्यातल्या खुर्चीत अंग चोरून बसला. नेली पलंगावर आडवी झाली. तिनं शेजारची उशी थोपटली. मिसेस मॅगसननी एकदा माझ्याकडे पाहिलं, चपला काढल्या, अगदी कडेला आडव्या झाल्या, आणि नेलीनं दोघींच्या अंगावर पांघरूण ओढलं. दोघी पडून समोर बघत राहिल्या. बराच वेळ कुणी 'छान' म्हटलं नाही. मिसेस मॅगसनच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या. नेलीचा चेहरा मी त्या हॉस्पिटलात पाहिला होता, म्हणून सांगते, हा चेहरा बघायला मी आणखी तेवीस वर्षं टाकीशेजारी झोपले असते.

त्या दिवशी नाश्त्याची घंटा पाऊण तास उशिरा वाजली. आठ पाहुणे जेवणघराच्या दारात उपाशी उभे होते. त्यांतल्या एकानंही तक्रार केली नाही, हे सांगायला नकोच.

निघताना मिसेस मॅगसननी दारात वही उघडली. "मिसेस अ‍ॅक्रॉइड, पुढच्या वर्षी?"

"एक नंबर," नेली म्हणाली. "आणि एक दिवस सकाळी तुम्ही. विल्फ्रेड खुर्चीत बसेल."

"बसेन," विल्फ्रेड म्हणाला.

मिसेस मॅगसन हसल्या, लिहिलं, आणि पेन न मिटता माझ्याकडे वळल्या. "आणि मिस सग्डन, आता तुमचंही स्पष्ट सांगून टाका हं. माळ्यावरची खोली ठीक आहे ना? टाकीचा त्रास नाही ना होत?"

नेलीनं माझ्याकडे पाहिलं. बोल, असं तिचे डोळे म्हणत होते. विल्फ्रेडही बघत होता. दुसऱ्या मजल्यावरची तीन नंबरची खोली पुढच्या वर्षी रिकामी होणार, हे मला पक्कं माहीत होतं. मी घसा साफ केला.

"छे हो, त्रास कसला," मी म्हटलं. "त्या आवाजाशिवाय मला आता झोपच लागत नाही."

आणि मिसेस मॅगसननी ते शाईनं लिहून टाकलं.